ऑफिसात शहाणी, घरी वेडी?

'स्वभावाला औषध नाही' असं कोणी म्हणालं की पुढची चौकशी बंद होते. मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत तर हा निकाल फारच लवकर लागतो. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, दिवसभर सताड उघडी दारं, सामाईक संडास. तिथे कोण तापट, कोण संशयी, कोणाची पोरगी 'नाटकी' हे सगळ्या मजल्याला पाठ असतं. डिलाईल रोडवरच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या या बत्तीस चाळींनी गिरणी कामगारांच्या पिढ्या पाहिल्या, संप पाहिला, आता त्या टॉवरही पाहत आहेत. माणसांची पारख करण्यात हा मुलूख कच्चा नाही. पण एका आजाराच्या बाबतीत ही पारख हमखास चुकते.

आजाराचं नाव बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसॉर्डर. पुस्तकांत त्याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात; डॉक्टर, रुग्ण आणि नातेवाईक नुसतं 'बॉर्डरलाईन' म्हणतात, मीही तेच म्हणेन. टोकाचा राग, टोकाची माया, आपल्याला सोडून जातील ही भीती, हातावर ब्लेडचे वार, गोळ्या खाणं, आतून पोकळ वाटणं ही त्याची ठाऊक असलेली लक्षणं. त्यामुळे तो भावनांचा आजार समजला जातो, आणि भावना म्हटल्या की आपण लगेच स्वभावावर येतो. माझं म्हणणं असं की बॉर्डरलाईनमध्ये विचारशक्तीही तितकीच बिघडते. लक्ष, आठवण, पुढचं ठरवणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, मनात आलेली शंका तपासून बघणं, या सगळ्याला धक्का बसतो. मात्र हा बिघाड सदासर्वकाळ सारखा नसतो. नात्याचा ताण आला की तो उफाळतो, ताण उतरला की बराचसा ओसरतो. या चढउतारालाच लोक ढोंगाचा पुरावा मानतात. वास्तविक तो चढउतार हेच आजाराचं लक्षण आहे.

एक मुलगी कल्पून पाहू. ती खरी कोणी नाही, पण या रस्त्याला अनोळखीही नसावी. आजोबा गिरणीत विणाई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. नात त्याच परिसरातल्या, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत विम्याचे दावे तपासते. तिच्या टेबलावरून चुकीचा आकडा पुढे जात नाही. संध्याकाळी ती मित्राला मेसेज करते. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. तासाभरात तिची खात्री पटते की त्याचं दुसरीकडे जमलंय, मैत्रिणींना ते माहीत आहे आणि आज दुपारी जेवताना त्या त्याच कारणासाठी हसत होत्या. ती फोनवर फोन लावत सुटते. आई म्हणते, "झालं हिचं सुरू." रात्री दोन वाजता ती घरातल्या सापडतील त्या गोळ्या घेते. हॉस्पिटलात पोट धुतलं जातं, मेडिको-लीगल नोंद होते, हवालदार जबाब घेतो, आई सांगते की चुकून घेतल्या. दोन दिवसांनी मुलगी शांत असते. रात्रीचं निम्मंअधिक तिला आठवत नाही. सोमवारी ती कामावर जाते आणि पुन्हा एकही आकडा चुकत नाही.

घरातला निष्कर्ष ठरलेला असतो. ऑफिसात बरी शहाणी असते, घरी आली की वेडी होते. म्हणजे मुद्दामच करते. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो, आणि शिकलेले लोकही तोच करतात. तो कुठे तुटतो हे पाहायचं तर या आजाराचा इतिहास थोडा उकरावा लागेल.

न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली एका रुग्णगटासाठी 'बॉर्डरलाईन' हा शब्द वापरला. ना साध्या न्यूरोसिसमध्ये बसणारे, ना पुरते मनोविकृत, असे हे लोक. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग सुरू झाला. देशातल्या सर्वसाधारण रुग्णालयांतल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी तो एक. पुढे १९६७ मध्ये ऑटो केर्नबर्ग यांनी यामागची मनाची घडण मांडली, १९७५ मध्ये जॉन गुंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी लक्षणं नीट बांधली, आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत, डीएसएम-३ मध्ये, या आजाराला जागा मिळाली. त्या यादीत आठ लक्षणं होती आणि विचारांबद्दल एकही नव्हतं. ताणाखाली तात्पुरता येणारा संशय किंवा भान सुटणं हे नववं लक्षण १९९४ साली जोडलं गेलं. म्हणजे चौदा वर्षं जगभरचे अनेक डॉक्टर ज्या यादीवर बोट ठेवून निदान करत होते, तिच्यात या माणसांच्या विचारांचं काय होतं याची नोंदच नव्हती. चाळीतल्या आईला तेव्हा काय दोष द्यायचा?

आजही नऊपैकी कोणतीही पाच लक्षणं असली की निदान होतं. गणित केलं तर अशा २५६ निरनिराळ्या जुळण्या होतात, आणि एकच लक्षण समान असलेली दोन माणसं एकाच नावाखाली येऊ शकतात. म्हणून 'बॉर्डरलाईनची माणसं अशीच असतात' असं कोणी ठामपणे सांगू लागलं की मी सावध होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांचे वेगवेगळे कप्पे जवळपास मोडून काढले आहेत. त्रास किती तीव्र आहे हे आधी बघायचं आणि हवं तर 'बॉर्डरलाईन' ही खूण जोडायची. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

आता विचारशक्तीकडे. अँथनी रुओको यांनी २००५ साली तोवर झालेल्या दहा अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले. लक्ष, विचारांची लवचिकता, शिकणं-आठवणं, नियोजन, वेग, आकार-जागांची समज या सहाही बाबतींत बॉर्डरलाईनचा गट निरोगी गटापेक्षा मागे होता, आणि सर्वांत मागे होता तो नियोजनात. यावरून उड्या मारू नयेत. बुद्ध्यंक कमी असतो असा याचा अर्थ नाही. शिवाय या रुग्णांना नैराश्य असतं, झोप नसते, जुने आघात असतात, गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतात. यातल्या प्रत्येकाचा परिणाम आकड्यात मिसळलेला असतो. कित्येक रुग्ण या चाचण्या अगदी व्यवस्थित सोडवतात. पण नियोजनाचा मुद्दा मला सोडवत नाही. आपण या माणसांवर सर्वांत जास्त आरोप कसला करतो? डाव टाकल्याचा. 'आम्हाला घाबरवायला गोळ्या खाल्ल्या', 'सगळं ठरवून केलं'. ज्या माणसाची पुढचं ठरवण्याची ताकदच सर्वांत लंगडी, त्याच्यावर आपण कारस्थानाचा आळ घेतो. रात्री दोनला गोळ्या शोधणारी ती मुलगी उद्या काय होईल याचा डाव मांडत नसते. तिला त्या क्षणी 'उद्या' दिसतच नसतो.

मग ती ऑफिसात चुकत का नाही? कारण विम्याचा दावा तिला सोडून जाणार नसतो. डिलाईल रोडच्या लोकांना हे त्यांच्याच पुलावरून सांगता येईल. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग पडल्यावर लोअर परळचा आपला पूल तपासला गेला आणि धोकादायक ठरून बंद झाला. पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. बंद होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत लोक त्यावरून जातच होते. पूल उभा दिसतो यावरून तो किती भार घेईल हे कळत नाही, आणि कोणत्या भाराखाली तपासलं हे सांगितल्याशिवाय तपासणीला अर्थ नसतो. बॉर्डरलाईनच्या माणसाला शांत खोलीत आकडे जोडायला दिले तर आपण चुकीचा भार टाकून बघतो आहोत.

योग्य भार टाकणारे प्रयोग झाले आहेत, आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहेत. येल विद्यापीठातल्या २००३ च्या एका अभ्यासात रुग्णांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. दुःखी, घाबरलेले, आनंदी आणि ज्यांवर कोणताही भाव नाही असे. काही रुग्णांना तो निर्विकार चेहराही धमकावणारा वाटला. मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग त्यांच्यात निरोगी माणसांपेक्षा जास्त चेतत होता. आपली आई दमून, काही न बोलता भाकऱ्या थापत असते तो चेहरा आठवा. बहुतेक मुलांना त्यात दमणूक दिसते. या मुलीला त्यात 'मी नकोशी झाले' हे दिसतं, आणि ते दिसणं झटकन घडतं, विचार करून नाही.

दुसरा प्रयोग २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. खेळ पैशांचा, दहा फेऱ्यांचा. एकाने दुसऱ्याकडे विश्वासाने काही रक्कम द्यायची, ती तिप्पट होते, आणि दुसऱ्याने त्यातलं किती परत करायचं ते ठरवायचं. निरोगी माणसं खेळताना समोरच्याने अचानक कमी रक्कम दिली की त्यांना 'हा बिथरला' हे जाणवतं आणि मग ती थोडं जास्त परत करून त्याला चुचकारतात. विश्वास पुन्हा बसतो. बॉर्डरलाईनचे रुग्ण हे चुचकारणं फार कमी करत, आणि दहा फेऱ्यांत भागीदारी मोडत जाई. संशोधकांनी मेंदूचं चित्रणही केलं होतं. समोरून तोकडी रक्कम आली की निरोगी माणसांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग चेततो. काहीतरी बिनसलंय याची ती वर्दी असते. या रुग्णांत समोरून काय आलं याला त्या भागाचा प्रतिसाद जवळजवळ नव्हताच. म्हणजे नातं तुटायला लागल्याची पहिली बारीक खूण त्यांना मिळत नाही, आणि मिळते तेव्हा उशीर होऊन थेट मोठी घंटाच वाजते. घरचे म्हणतात, 'एवढ्याशा गोष्टीवरून एवढा तमाशा!' एवढीशी गोष्ट होती तेव्हा ती तिच्या हाताला लागलेलीच नव्हती.

तिसरा प्रयोग साधा आहे. संगणकावर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा. जर्मन संशोधकांना दिसलं की बॉर्डरलाईनच्या रुग्णांना चेंडूचा बरोबर वाटा मिळत असतानाही आपल्याला वगळल्यासारखं वाटतं. चाळीच्या पॅसेजमध्ये चार बायका भाजी निवडत बसल्यात आणि पाचवी आपल्यालाच टोचून बोलतायत असं समजून दार आपटते, हे दृश्य नवीन नाही. मोजून दाखवता येतं, हे नवीन.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. ही माणसं जगाला फक्त काळं किंवा पांढरं बघतात, आज देवमाणूस आणि उद्या हलकट, असं सरसकट सांगितलं जातं. डच संशोधक आर्नाउड आर्न्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली चित्रपटातली पात्रं दाखवून रुग्णांना मत विचारलं. मतं टोकाची निघाली, हे खरं. पण एकाच पात्राला रुग्णांनी काही बाबतींत अत्यंत चांगलं आणि काही बाबतींत अत्यंत वाईट म्हटलं. म्हणजे मिश्र माणूस त्यांना दिसतो, फक्त प्रत्येक रंग भडक दिसतो. हा फरक उपचारासाठी मोठा आहे, कारण ज्याला दोन्ही बाजू दिसतात त्याच्याशी बोलता येतं.

आठवणीचं काय? ताण फार वाढला की यातल्या काही माणसांचं भान सुटतं; आपण आपल्याकडे बाहेरून बघतोय, आवाज लांबून येतायत, हातपाय आपले नाहीत, असं वाटतं. डॉक्टर याला डिसोसिएशन म्हणतात. त्या अवस्थेत वेदना कमी जाणवतात, म्हणून ब्लेड लागलेलं कळत नाही. जर्मनीतल्याच एका अभ्यासात दिसलं की या अवस्थेत नवीन काही शिकणंही मंदावतं. घरात नेमकं उलटं चालतं. मुलगी सुन्न बसलेली असताना काका-मामा गोळा होतात आणि तासभर समजावतात. दुसऱ्या दिवशी तिला ते आठवत नाही, आणि 'काल एवढं कानीकपाळी ओरडलो, सगळं पाण्यात' म्हणून राग दुप्पट होतो. समजावण्याची वेळ ती नव्हतीच.

संशयाचीही तीच तऱ्हा. काही तास टिकणारा, कधी एखाद-दोन दिवस, ताण ओसरला की विरघळणारा. काहींना आवाजही ऐकू येतात. त्यामुळे घाईच्या ओपीडीत स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन वर्षानुवर्षं तीच औषधं चालू राहू शकतात. यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्शा लिनेहान यांचं. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी त्यांना अमेरिकेत हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल केलं, स्किझोफ्रेनिया ठरवलं, विजेचे झटके दिले. पुढे त्याच बाईंनी बॉर्डरलाईनवरचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला उपचार, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (डीबीटी), उभा केला आणि २०११ साली त्याच हार्टफर्डला जाऊन आपली गोष्ट जाहीर सांगितली.

इतकं सगळं परदेशातलं ऐकल्यावर 'हा गोऱ्यांचा आजार' अशी शंका येणं साहजिक आहे. ती डॉक्टरांनाही होती. म्हणूनच २००० साली मुंबईचे डॉ. चार्ल्स पिंटो, डॉ. एच. एस. ढवळे आणि सहकाऱ्यांनी जो शोधनिबंध छापला त्याचं शीर्षकच 'बॉर्डरलाईन व्यक्तिमत्त्वविकार भारतात आहे' अशा अर्थाचं होतं. शास्त्रीय निबंधाला इतकं ठासून सांगावं लागतं तेव्हा समोर किती अविश्वास असेल याची कल्पना येते.

याहून गंभीर आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घरात खरोखर मारहाण होते, नवरा खरोखर बाहेर जातो, सासू खरोखर मागे कुजबुजते. अशा बाईच्या रागाला आणि संशयाला लक्षण म्हणणं म्हणजे अत्याचार करणाऱ्याला प्रमाणपत्र देणं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, तेव्हा हे प्रमाणपत्र कुठे कामाला येईल तेही उघड आहे. गिरणगावात तर आणखी जपायला हवं. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातलं घर घ्या. संपानंतरच्या त्या कुटुंबातली चीड, भांडणं, एकमेकांना ओरबाडणं याला आजार म्हणणारा डॉक्टर मला तरी नको. तो राग हिशेबाचा होता आणि हिशेब चुकता झालेला नाही. म्हणून निदान करणाऱ्याने आधी घरात काय चाललंय ते विचारलंच पाहिजे. ताण उतरल्यावर संशय विरतो का, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यावरही तो जातो का, हे महिनोन्‌महिने बघितल्याशिवाय ठरत नाही. एका भेटीत तर नाहीच. पण आक्षेप खरा म्हणून आजार खोटा ठरत नाही. अत्याचार सोसलेल्या बाईला हा आजार होऊही शकतो, आणि मग तिला न्यायही लागतो आणि उपचारही.

पुरुषांची गोष्ट कोणी विचारत नाही. दवाखान्यात बायका जास्त दिसतात. मात्र अमेरिकेत २००८ साली आलेल्या एका मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. आपल्याकडे तोच मुलगा दारूच्या गुत्त्यावर, मारामारीत, पोलीस चौकीत सापडतो. त्याच्या हातावरच्या वणांना कोणी लक्षण म्हणत नाही, 'भाईगिरी' म्हणतात.

चाळ या आजाराला बरी की वाईट? चाळीचे गोडवे गाणारे म्हणतील, तिथे कोणी एकटं नसतं. खरं आहे, दार वाजवून फोडणारे शेजारी असल्यामुळे कित्येक जीव वाचले असतील. पण एकशेसाठ चौरस फुटांत सहा माणसं असताना उसळलेलं मन खाली आणायला जागा कुठे आहे? डीबीटीतली एक शिकवण अशी की भडका उडाला की तिथून बाजूला व्हा, तोंडावर थंड पाणी मारा, श्वास लांबवा, निर्णय पुढे ढकला. इथे बाजूला होणं म्हणजे पॅसेजमध्ये जाणं, आणि पॅसेजमध्ये वीस बिऱ्हाडं बघत असतात. शिवाय चाळीची स्मरणशक्ती दांडगी. सात वर्षांपूर्वीचा तमाशा आज लग्न ठरताना कोणीतरी सांगतं. पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचं घर आणि स्वतःचं दार मिळतं, ही कमी गोष्ट नाही. पण बंद दारामागे खाल्लेल्या गोळ्या उशिरा कळतात. घर लहान म्हणून हा आजार होतो असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच खोल्यांत हजारो माणसं धडधाकट वाढली. स्वीडनमधल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघाला आहे. उरलेल्या वाट्यात लिनेहान एका गोष्टीला फार महत्त्व देतात. आधीच हळव्या मुलाला जे वाटतं ते खोटं आहे असं त्याला रोज सांगितलं जाणं. 'रडायला काय झालं?' हे आपल्या घरांतलं वाक्य प्रश्नाच्या वेशातलं तेच सांगणं असतं.

आता औषधाकडे, म्हणजे 'स्वभावाला औषध नाही' या म्हणीकडे. शब्दशः पाहिलं तर म्हण बरोबर निघते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं की खास बॉर्डरलाईनसाठी म्हणून औषध देऊ नये. सोबत नैराश्य असेल तर त्याची गोळी वेगळी. उलट अल्प्राझोलामसारख्या, आपल्याकडे शेजारणीच्या पर्समधूनही मिळणाऱ्या शांत करणाऱ्या गोळीने या रुग्णांचा ताबा आणखी सुटतो हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. पण म्हणीचा उरलेला अर्थ, की हा माणूस बदलणार नाही, साफ खोटा आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९२ पासून २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्ण किमान दोन वर्षं टिकणाऱ्या अशा स्थितीत आले की त्यांच्यात निदानाइतकी लक्षणं उरली नाहीत.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लक्षणं ओसरून शिवाय नोकरी आणि माणसांशी नातं, दोन्ही नीट जमलं असे रुग्ण दहा वर्षांत निम्मेच होते. ब्लेड सुटतं, गोळ्या सुटतात, पण काम टिकत नाही. म्हणूनच विचारशक्तीचा मुद्दा मी इतका धरून बसलो आहे. उपचार फक्त भडका विझवण्यापुरता असेल तर माणूस जगतो आणि घरात बसून राहतो. गुंडरसन यांचा सल्ला असा होता की आधी काम, मग प्रेम. कारण कामात नियम असतात, वेळ ठरलेली असते, आणि आपण कोण आहोत याचं उत्तर दुसऱ्याच्या मेसेजवर अवलंबून राहत नाही. आपल्याकडे पहिल्या झटक्यानंतर मुलीला नोकरी सोडायला लावतात आणि स्थळं बघतात. जिथे तिचं डोकं चालतं ती जागा काढून घ्यायची आणि जिथे बिघडतं तिथेच तिला चोवीस तास कोंडायची, याहून वाईट उपाय सुचणं कठीण आहे.

हा उपचार गरिबाला परवडणार नाही, ही सबबही टिकत नाही. टोरांटोला १८० रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २००९ मध्ये छापलेल्या चाचणीत महागड्या डीबीटीची तुलना नीट शिकवलेल्या साध्या मानसोपचाराशी केली. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच झाली. लागतं ते काय? आजार काय आहे हे रुग्णाला आणि घरच्यांना सांगणं, ठरलेल्या वेळी भेटणं, भडक्याच्या वेळी काय करायचं ते शांत असताना ठरवून कागदावर लिहून ठेवणं, आणि कामावर लक्ष. यासाठी परदेशी प्रमाणपत्र लागत नाही. परळला केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी काही दशकांपूर्वी पतंजलीच्या आधारे लक्ष एकाग्र करण्याचे उपचार रुग्णांवर रीतसर तपासून पाहिले होते. ते या आजारासाठी नव्हते, पण पालिकेच्या इमारतीत, मराठी बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीशेजारी असं काम होऊ शकतं हे त्यातून दिसलंच आहे. कायदाही आता आड येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं, आणि जुलै २०२४ पासून आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही गेलं. 'चुकून घेतल्या' असं खोटं सांगायची आईला गरज उरलेली नाही. डॉक्टरला खरं सांगितलं तरच पुढचा उपचार ठरतो.

महापालिकेकडे मागणी एकच आहे. केईएम आणि नायरमध्ये आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सहानंतर, मराठीतून चालणारा एक गट सुरू करावा, आणि महिन्यातून एकदा घरच्यांसाठी वेगळा. असलेल्याच समाजसेविका, परिचारिका आणि निवासी डॉक्टरांना शिकवून तो चालवता येईल. वेळ संध्याकाळचीच हवी. सकाळच्या ओपीडीसाठी दर आठवड्याला रजा मागणाऱ्या मुलीची नोकरी जाते, आणि नोकरी हाच तिच्या उपचाराचा अर्धा भाग आहे. असा गट उभा राहीपर्यंत, घरात कोणी जीव द्यायची भाषा करत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो पॅसेजमधल्या पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवा.